पपईचा ऑक्टोबर

शनिवारी दिवसभर मी बाबांच्या बनियनांवर नावं शिवत बसले होते. हाइमनं, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमानं, दिलेल्या यादीत तसं स्पष्ट लिहिलं होतं. सहा बनियन, सहा लेंगे, चार सदरे, दोन स्वेटर, मोज्यांचे दहा जोड, आणि प्रत्येक कपड्यावर नावाची पट्टी हवी, नाहीतर धुलाईहून परत आलेला कपडा कुणाचा हे त्यांना कळत नाही. पट्ट्या ऑनलाइन मागवल्या होत्या, पांढऱ्या, निळ्या अक्षरांच्या, पन्नास. पन्नास म्हणजे किती, ते शिवायला बसल्यावर कळतं. सुई तीनदा बोटात गेली. दोनदा मी सुईला शिव्या दिल्या, तिसऱ्यांदा स्वतःला.

बाबा समोरच्या खुर्चीत बसून बघत होते. वसंतात त्यांना श्लागआनफाल झाला, म्हणजे आपला पक्षाघात. तेव्हापासून उजवा हात मांडीवर ठेवला की ठेवू तिथे राहतो. बोलणं गेलं. मराठी गेलं, इंग्रजी गेलं, आयुष्यभर ज्या माणसानं जेवताना एक घास गुपचूप खाल्ला नाही तो गप्प झाला. ‘हं’सारखा एक आवाज उरलाय, तो होकार की नकार हे आपण ठरवायचं. त्यांना कळतं किती, हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. मी त्यांचंच नाव त्यांच्यासमोर शिवत होते आणि मान वर करायची मला हिंमत होत नव्हती.

आई गेल्यावर तीन वर्षांपूर्वी मी त्यांना इकडे ड्रेस्डेनला आणलं. ते कागदांचं रामायण इथे सांगत बसत नाही. आल्याच्या पहिल्या आठवड्यात चहा पिता पिता ते म्हणाले होते, “कुठंही झोपेन गं मी, तुमच्या त्या केलरमध्ये, तळघरातसुद्धा. फक्त परक्यांच्यात ठेवू नकोस.” मी म्हणाले, “काहीतरीच काय बोलता, बाबा!” बस, एवढंच. पण त्यांनी ते वचन समजलं, आणि खरं सांगायचं तर मीही.

आता सोमवारी हाइम. कारणं सगळी खरी आहेत. माझी मायक्रोचिपच्या कारखान्यात शिफ्टची नोकरी, नवरा आठवडाभर कामाला झिंडेलफिंगेनला, मुलगी इरा कॉलेजात. बाबा दोनदा बाथरूममध्ये पडले, दुसऱ्यांदा दीड तास फरशीवर होते आणि हाक मारायला तोंडात शब्द नव्हता. ही कारणं मी भेटेल त्याला सांगत सुटते. शेजारच्या बाई म्हणतात, “गेनाऊ, तुम्ही बरोबरच करताय.” बरोबर करताय म्हणे! कुणी मला चांगलं खडसावेल तर मला बरं वाटेल.

मोज्यांचा दहावा जोड सापडेना म्हणून मी त्यांच्या कपाटाचा खालचा खण उपसला, आणि मफलरच्या घडीत तो पत्र्याचा डबा हाताला लागला. बिस्किटांचा, चौकोनी, कडेनं गंजलेला, वर सायकलच्या ट्यूबचं कापून केलेलं रबर. रबर काढताना तुटलं. झाकण उघडलं आणि वास आला. डांबराच्या गोळ्यांचा होताच, पण त्याच्या खाली ओल्या चटईचा, खाऱ्या वाऱ्याचा आणि ओल्या सुपारीचा. मी मांडीवर डबा घेऊन जमिनीवरच बसले. सुई कुठे पडली कोण जाणे.

आत पत्ते होते. काडेपेटीहून थोडे मोठे, जाड, पाठीला काळे. हानाफुदा, जपानी फुलांचे पत्ते. अठ्ठेचाळीस पानं, बारा महिने, प्रत्येक महिन्याचं एक झाड किंवा फूल आणि त्याची चार पानं. आकडा एकाही पानावर नाही.

मी आठ वर्षांची असताना आम्ही पलाऊला गेलो. नकाशात शोधायला गेलात तर फिलिपाइन्सच्या उजवीकडे बोट नेत राहायचं, निळ्या रंगात थोडे ठिपके दिसतात, ते. बाबांना कोरोर गावातल्या वीजघरात काम मिळालं होतं. साताऱ्याची माझी आई तिथे विमानातून उतरली ती नऊवारीतल्या सासूबाईंचा आशीर्वाद, दोन किलो गोडा मसाला आणि रडून सुजलेले डोळे घेऊन. चार वर्षं राहिलो. परत निघताना ती त्याहून जास्त रडली.

पहिल्याच आठवड्यात बाबांचं बारसं झालं. दिवे गेले की रस्त्यातली पोरं त्यांच्या मागे ओरडायची, “देंकी! देंकी!” देंकी म्हणजे वीज. शब्द जपानी. जपानी लोक त्या बेटांवर तीस वर्षं राज्य करून, युद्ध हरून निघून गेले त्याला तेव्हा जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती. पण वीज देंकीच राहिली, डबा बेंतोच राहिला, आणि शेजारची म्हातारी ओबासांगच राहिली. हे शब्द परके आहेत असं तिथे कुणालाच वाटायचं नाही, आपल्याला पोर्तुगीजांचे बटाटा आणि पगार वाटतात का? दुकानात बेंतो मिळायचा, भात, तळलेला मासा आणि पिवळ्याधमक मुळ्याचं लोणचं. गोड लाल डाळ भरून तळलेला पाव मिळायचा, तो आईनं पहिल्यांदा फोडून बघितला आणि म्हणाली, “अगंबाई, हे तर पुरण!” त्यानंतर होळीला आमच्याकडे तोच पाव यायचा. आणि म्हातारी माणसं, पोरांना कळू द्यायचं नसलं की, हळूच जपानीत बोलायची. आमच्या घरी त्यासाठी च-ची भाषा होती.

ओबासांगचं खरं नाव मला कधीच कळलं नाही. आमच्या घराला लागून तिचं पत्र्याचं घर, पुढे लाकडी ओटा, ओट्यावर चटई. ती दिवसभर सुपारी चघळायची, हिरवी सुपारी, पान आणि प्रवाळ भाजून केलेला चुना. तिचे लाल दात बघून आईचा जीव पहिल्यांदा भांड्यात पडला. “विडा खाते म्हणजे माणूस भला आहे,” असं म्हणून ती ओट्यावर जाऊन बसली, आणि चार वर्षं तिथून उठलीच नाही म्हटलं तरी चालेल. दोघींमध्ये धड एक भाषा नव्हती. ओबासांग मोडकं इंग्रजी बोले, आई त्याहून मोडकं, आणि मध्ये जपानी, पलाऊची, मराठी, काय हाताला लागेल ते. ओबासांग कच्च्या माशाचे काप लिंबू पिळून पुढे करायची, आई नाकाला पदर लावायची, दोघी हसायच्या. हा कार्यक्रम रोज व्हायचा.

बाबा कामावरून चारला यायचे, अंगाला डिझेलचा वास, तसेच ओट्यावर. मग पत्ते. समोरासमोरचे दोघं भिडू. आई आणि ओबासांग एकीकडे, बाबा आणि मी दुसरीकडे. पान नुसतं ठेवायचं नसतं, आपटायचं असतं, फट्ट करून, खालच्या पानावर नेमकं, आणि आपटताना तोंडानं काहीतरी म्हणायचं. ओबासांग जपानी शिवी हासडायची. आई आपटायची तेव्हा आधी बांगड्या वाजायच्या, मग पान. बाबा म्हणायचे, “अहो, पत्ते आहेत, कणीक नाही.” त्या दोघी कायम जिंकायच्या. हरल्यावर बाबा मला म्हणायचे, “बाळ, आपण सभ्य माणसं, म्हणून हरतो.”

पहिला महिना पाइनचा, त्यात बगळ्यासारखा पक्षी. दुसरा प्लमचा. तिसरा चेरीचा, गुलाबी. आठव्यात काळ्या डोंगरावर गवत आणि मोठा चंद्र. दहाव्यात लाल पानं आणि पाठमोरं वळून बघणारं हरीण. यातलं एकही झाड त्या बेटावर नव्हतं. तिथे नारळ, फणसासारखी नीरफणसं आणि बारमाही हिरवं रान. थंडी नाही, पानगळ नाही. सगळं गाव कधीही न पाहिलेल्या झाडांच्या नावानं डाव मांडायचं आणि पोटतिडकीनं भांडायचं. मीही महिने तसेच शिकले. चैत्र-वैशाख आईनं घोकून घेतले ते विसरले, पण मार्च म्हणजे चेरी, हे अजून डोक्यात पक्कं आहे.

फक्त ऑक्टोबरला आम्ही सगळे पपई म्हणायचो. त्याचं कारण डब्यातलं एक पान. सत्तेचाळीस पानं छापील आणि एक हातानं केलेलं. सिगारेटच्या पुठ्ठ्याचं, पाठीला बुटाचं पॉलिश लावलेलं, आणि पुढे रंगीत पेन्सिलीनं एकच मोठं पान, हाताच्या बोटांसारखं फाकलेलं. ते परसातल्या पपईचं पान होतं. समोर ठेवून काढलेलं. देठसुद्धा पोकळ काढला होता.

“माझे वडील जपानी होते,” ओबासांगनं एकदा पत्ते पिसता पिसता सांगितलं. ती हे असं सांगायची, बाजारात आज मासे नव्हते म्हणावं तसं. युद्ध संपलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. जपान्यांना जहाजात भरून परत नेलं. बायको-पोरं इथली, ती इथेच राहिली. जाताना वडिलांनी याच पत्त्यांतलं ऑक्टोबरचं एक पान काढून खिशात घातलं. “म्हणाले, एक पान नसलं की डाव होत नाही. म्हणजे मला आणून द्यायला यावंच लागेल.”

“मग?” मी विचारलं. आईनं माझ्या मांडीला चिमटा काढला.

“मग काय? सात वर्षं डाव मांडला नाही. मग कंटाळा आला. पपईचं पान तोडलं आणि बसले काढायला.” आणि सुपारीची पिंक टाकून म्हणाली, “वडील सांगायचे, पत्त्यावरचं हे पपई नाही, वेगळं झाड आहे. थंडीत आपोआप लाल होतं. कसलं लाल होतंय! माणूस लेकराला रमवायला काहीही सांगतो.” आणि तिनं पपईचं पान फट्ट करून हरणावर आपटलं.

आमचा निघायचा दिवस आला. आईनं तिला उरलेला मसाला दिला, कुंकवाची डबी दिली, आणि दोघी ओट्यावर बसून राहिल्या. मी बारा वर्षांची, शहाणी. मी म्हटलं, “ओबासांग, एक पान मला दे. मी परत आणून देईन.” तिनं माझ्याकडे बघितलं. मग उठून आत गेली आणि हा डबाच घेऊन आली. बाबांच्या हातात ठेवला आणि हसली, लाल दात दाखवून, खो खो हसली.

“एक नेलेल्याची वाट बघावी लागते,” ती म्हणाली. “सगळीच घेऊन जा. म्हणजे मला वाट बघायला नको.”

विमानात बाबांनी तो डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

पुढे मी शिकायला म्हणून या ड्रेस्डेनला आले. पहिल्या ऑक्टोबरात वसतिगृहाबाहेर एका झाडाखाली थबकले, आणि भर रस्त्यात मोठ्यानं म्हणाले, “अगंबाई, पपई!” पपईच होती हो ती! तशीच फाकलेली बोटं, फक्त लहान आणि लालभडक. थंडीनं, आपोआप. इथे त्याला आहोर्न म्हणतात, म्हणजे मेपल. त्या वर्षी सगळा डबाच जणू बाहेर उगवत गेला. पाइन तर होताच, वसंतात चेरी आली, एल्ब नदीच्या काठानं ते चंद्राखालचं गवतसुद्धा. भाड्याची खोली बघायला गेले तर बाई म्हणाली, फेन्स्टर उघडा. खिडकीला ओबासांग ‘बेन्स्टर’ म्हणायची. जपान्यांच्या आधी तिथे जर्मन होते ना. मी त्या बाईकडे बघून एवढी हसले की तिनं खोली देताना दोनदा विचार केला असेल.

मी एक लाल पान वहीत दाबून पाकिटातून बाबांना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, त्यांच्या त्या इंजिनियरी अक्षरात. “पान मिळाले. आई म्हणते देवात ठेवू. ओबासांगचे वडील थाप मारत नव्हते तर. तिला कळवायला हवे.” मीही लिहिलं, हो, कळवायला हवं. पुढच्या पत्रात पुन्हा ते, पुन्हा मी. आम्हाला पत्ता ठाऊक नव्हता, नावही ठाऊक नव्हतं, आणि विचारणार कुणाला? म्हणजे असं आम्ही एकमेकांना म्हणत राहिलो. मग ती पार थकली असेल, मग गेली असेल. आपले वडील खरं बोलत होते हे तिला कुणीच सांगितलं नाही. हे आठवलं की अजून मला स्वतःचा राग येतो, आणि राग येऊन काय करायचं तेही कळत नाही.

“वास इस्ट दास, मामा?” इरा दारात उभी होती. हे काय आहे, म्हणून विचारत होती; इथे मामा म्हणजे आई. मी जमिनीवर, भोवती मोजे आणि चेरी-चंद्र. मी सांगायला लागले आणि ती ऐकत होती, गुणी पोरगी आहे, पण मराठी कळत असूनही उत्तर जर्मनमध्येच देते. तिच्यातली मराठी म्हणजे डबा, बास आणि आई गं. तीस वर्षांत जपान्यांनी त्या बेटावर जेवढं मागे ठेवलं तेवढंसुद्धा मला वीस वर्षांत एका पोरीत ठेवता आलं नाही. तिनं पपईचं पान उचलून उजेडात धरलं, परत ठेवलं आणि आजोबांच्या गालाला गाल लावून क्लासला गेली.

बाबा डब्याकडे बघत होते. त्या नजरेत काय होतं, मला नाही सांगता येत.

सोमवारी आम्ही गेलो. खोली चांगली आहे. हे वाक्यही मी भेटेल त्याला सांगते, खोली चांगली आहे. दुसरा मजला, मोठी खिडकी, खाली आवारात आहोर्न, अर्धा लाल. मी कपडे लावले, आईचा फोटो लावला. बाबा खिडकीशी चाकांच्या खुर्चीत. त्यांचा कोट काढला तेव्हा बनियनच्या गळ्याशी माझी पट्टी दिसली, वाकडी शिवलेली. चार वाजले. काय करावं सुचेना, म्हणून मी टेबलावर टॉवेल पसरला आणि पत्ते वाटले.

आई गेल्यापासून त्यांनी पत्त्यांना हात लावला नव्हता. आधी नुसते बघत राहिले. मी पाइन टाकला. थोड्या वेळानं डावा हात उठला, रेंगाळला आणि पाइनवर पाइन पडला. मी चेरी टाकली, चेरी पडली. देवा शपथ, एकही चूक नाही. आपटायला जोर नव्हता, पण प्रत्येक वेळी मनगट वर जायचं, त्या ओट्यावर जायचं तसंच. मी बडबडत होते, “बाबा, आज आपण सभ्य नाही हं, आज जिंकायचं.” माझ्या तोंडाला खळ नव्हता. मी हरीण टाकलं. त्यांनी पपई टाकली आणि कितीतरी वेळ त्या पानावर बोट ठेवून खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना सगळं कळतंय, असं मला त्या क्षणी वाटलं.

साडेपाचला श्वेस्टर, म्हणजे तिथली नर्स, आली. “आल्झो, चला, आता जेवण,” ती म्हणाली, प्रेमानंच म्हणाली. पहिले काही दिवस नातेवाइकांनी लवकर निघालेलं बरं, असं तिनं आधीच सांगितलं होतं. मी कोट चढवला. आणि मग, काय अवदसा आठवली मला, मी ते पपईचं पान उचललं आणि लहान मुलाला समजावतात तशा आवाजात म्हणाले, “बाबा, हे एक मी नेते हं. म्हणजे रविवारी मला परत आणून द्यायला यावंच लागेल.”

बाबांनी माझ्या हातातल्या पानाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग डाव्या हातानं टेबलावरची पानं गोळा करायला लागले. फार वेळ लागला. दोन खाली पडली, ती मी उचलून दिली. पानं डब्यात भरली, झाकण एका हातानं लागेना, तर डबा छातीशी दाबून लावलं. आणि डबा टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

“नको बाबा, असू दे इथेच. रविवारी खेळू ना.” मी तो परत त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी पुन्हा सरकवला. मी पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा त्यांनी असा ढकलला की डबा टेबलाच्या कडेवरून सुटला आणि मला दोन्ही हातांनी झेलावा लागला.

“मी येणार आहे हो बाबा,” मी म्हणाले. “खरंच येणार आहे. दर रविवारी.” त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं होतं.

ट्राममध्ये डबा मांडीवर होता आणि ते एक पान माझ्या मुठीत, घामानं त्याच्या पाठीचं पॉलिश बोटांना लागलेलं. दोन थांबे पुढे गेले, तेव्हा कुठे मी ते झाकण उघडून आत ठेवलं. अठ्ठेचाळीस झाली.

‘सगळीच घेऊन जा,’ हे ओबासांग निदान हसत म्हणाली होती.